चुन्याच्या खुणा

नांदेडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो सेन्सर हातात घेतला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बसमध्ये हा विसरून जावा. काळ्या प्लास्टिकचा अंगठ्याएवढा तुकडा, त्याला हातभर वायर. दुकानदारानं खोक्यावरचा नंबर पुन्हा एकदा जुळवून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, बसवणार कोण हे? टायमिंग बेल्टच्या मागं असतंय. नवख्याच्या हातात देऊ नका, इंजिन जाईल."

"माझे वडील बसवणार आहेत," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी अभिमानानं सांगतेय. मी पैसे मोजले आणि खोकं पिशवीत टाकलं.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ते आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचे. लातूरपासून मुरुडपर्यंत कुठल्याही गॅरेजात गेलं, तरी कुणीतरी हात पुसत बाहेर येऊन त्यांच्या पाया पडायचं. ते रिटायर झाले तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लीच्या गल्ली वसतिगृहांची झाली, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले. आमच्या मुरुडातल्या आईबापांनाही पोरगी डॉक्टर व्हायला हवी होती, पण पोरीला वसतिगृहात ठेवायची तयारी नव्हती. पहाटेच्या क्लासला पोचवणारी एसटी नव्हती. कुणीतरी म्हणालं, "सर, तुम्हीच एक गाडी घ्या की." आण्णांनी घेतली. जुनी, लांबडी, डिझेलची, मागं समोरासमोर बाकं असलेली. पहाटे अंधारात ते घरोघर हॉर्न वाजवायचे आणि पोरी पुस्तकं छातीशी धरून येऊन बसायच्या. मी तेव्हा नांदेडला कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि संध्याकाळी एका क्लासमध्येही शिकवत होते, म्हणजे त्याच जात्यावर माझंही दळण होतं. त्यामुळे नावं ठेवायला मला जागा नाही.

"सरांची गाडी हाय, मग काळजी न्हाई," असं गावात म्हणत. या म्हणण्याला जुना आधार होता. भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आमचं घर माळवदाचं, डोक्यावर मातीचा ढीग असलेलं. पहाटेच्या त्या हादऱ्यात आण्णांनी मला एका हातानं दंडाला धरून ओढत अंगणात आणलं होतं. किल्लारीकडे जे झालं ते आमच्याकडे झालं नाही. आमची एक भिंत गेली, माणसं राहिली. पण त्यानंतर कितीतरी दिवस कुणी घरात झोपायला तयार नव्हतं. सगळी गल्ली आमच्या अंगणात पथाऱ्या टाकायची. रस्त्यानं ट्रक गेला तरी बायका किंचाळायच्या, पोरं रडायची. तेव्हा आण्णा जमिनीवर तळहात ठेवायचे, क्षणभर थांबायचे आणि सांगायचे, "ट्रक हाय. झोपा." कधी म्हणायचे, "हललं जरासं. जाईल. पडून राहा." त्यांच्या तळहाताच्या भरवशावर अख्खी गल्ली झोपायची. मी मात्र तेव्हाची जी भित्री झाले ती झालेच. अजूनही पंखा जरा जास्त हलला तर मी आधी छताकडे बघते, मग दाराकडे.

गणपतीच्या सुट्टीत मी घरी गेले होते, तेव्हा लातुरात काहीतरी काम होतं म्हणून पहाटे आण्णांच्या शेजारी पुढं बसले. मागं पोरी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून होत्या. मुरुड सुटलं, रस्ता मोकळा लागला, आणि मी सहज त्यांच्या हाताकडे पाहिलं. डावा हात गिअरवर होता आणि थरथरत होता. मला वाटलं गाडीचंच कंपन असेल. जुन्या डिझेलच्या गाडीत काय हलत नाही? पण त्यांनी तो हात उचलून मांडीवर ठेवला, तरी तो हलतच राहिला. बोटं एका लयीत, जणू तंबाखू मळतायत अशी. त्यांनी लगेच दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. स्टिअरिंग क्षणभर मोकळं होतं.

मी मागं वळून पोरींकडे पाहिलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायला गाडी बाहेर काढली. ट्रॉलीत पोती रचलेली होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं. आम्ही ट्रॉलीच्या बरोबरीला आलो आणि इंजिन बंद पडलं. आवाजच गेला. समोरून एसटीचे दोन दिवे येत होते. आण्णांनी ब्रेक मारून गाडी ट्रॉलीच्या मागं घेतली, की ट्रॅक्टरवालाच पुढं निघाला, मला आज सांगता येणार नाही. एसटी हॉर्न वाजवत अगदी खिडकीजवळून गेली, आमची गाडी साइडपट्टीवर थांबली, आणि मी डॅशबोर्डला दोन्ही हातांनी धरून होते एवढं आठवतं. मागून एक पोरगी म्हणाली, "सर, काय झालं?"

"काही न्हाई, इंजिनाचे फेरे मोजणारं सेन्सर गेलंय," आण्णा म्हणाले. "इंजिन तापलं की मरतंय. थांबा जरा."

त्यांनी बोनेट उघडून खाली कुठंतरी ओलं फडकं दाबून धरलं, आणि थोड्या वेळानं गाडी सुरू झाली. पोरींना वाटलं संकट इंजिनाचं होतं. मला एकटीला माहीत होतं की संकटं दोन आहेत आणि त्यातल्या एकाला ओलं फडकं चालत नाही.

नांदेडला परत आल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना गाठलं. ते मेंदूचे डॉक्टर. माणूस समोर नसताना काही सांगणं बरोबर नाही, असं ते आधी म्हणाले. मग मी हाताचं वर्णन केलं, चालताना एक पाय जरा ओढला जातो तेही सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "त्यांना घेऊन या. पण तोवर गाडी चालवू देऊ नका. पोरांची तर अजिबात नको."

हे एवढं वाक्य मला फोनवर सांगायचं होतं. रोज फोन हातात घ्यायची आणि रोज जेवलात का, पाऊस आहे का, एवढंच विचारून ठेवून द्यायची. वर्गात शंभर पोरांपुढं बोलणारी बाई मी, पण बापाला "तुमचा हात हलतो" असं म्हणायची माझी छाती होत नव्हती. आईला सांगावं तर आईच्या पोटात गोष्ट राहत नाही. आणि एक दिवस आण्णांचाच फोन आला. "माय, तिथं स्पेअरच्या बाजारात एक सेन्सर मिळतंय का बघ. लातुरात न्हाई. दसऱ्याच्या सुट्टीत पोरींचे क्लास बंद हाईत, तेवढ्यात बदलून टाकतो."

"गॅरेजला द्या ना, आण्णा."

"गॅरेजवाला बेल्ट सोडतो म्हणतोय. बेल्ट सोडला की टायमिंग पुन्हा जुळवणं आलं, ते आलं की गाडी चार दिवस पडली. मी बेल्टला हात न लावता बदलतो. आयुष्यभर हेच शिकवलंय की पोरांना."

म्हणजे मीच माझ्या हातानं ती वस्तू न्यायची होती, जी बसवली की ते पुन्हा पहाटे अंधारात मागं पोरी घेऊन निघणार होते. मला गाडी दुरुस्त होऊ नये असं वाटत होतं. आणि त्यांच्या हातून ती मोडावी असंही वाटत नव्हतं, कारण मग माणूसच मोडला असता. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, आणि मी ते खोकं मांडीवर धरून बसले होते. विसरले नाही.

खंडेनवमीला सकाळी आण्णांनी अंगणात ताडपत्री अंथरली, पाने-हातोडी ओळीनं मांडली आणि बोनेट उघडलं. टायमिंग बेल्ट म्हणजे काय हे ते मला लहानपणापासून सांगत आले आहेत. इंजिनात वर व्हॉल्व्ह असतात आणि खाली पिस्टन. दोघांची जागा एकच, एकाच न्हाणीत पाळीपाळीनं जाणाऱ्या दोन बिऱ्हाडांसारखी. एक बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्यानं आत यायचं नाही. ही पाळी सांभाळतो तो वरच्या आणि खालच्या दातेरी चाकांवर चढवलेला दातांचा रबरी पट्टा. तो दातावरून सरकला की पाळी चुकते, आणि चालू इंजिनात पाळी चुकली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि खेळ संपतो. सेन्सर नेमका या पट्ट्याच्या मागं, खालच्या दातेरी चाकाजवळ बसवलेला, आणि त्याच्या आड बाहेरच्या बाजूला आणखी एक साधी पुली. आजूबाजूला बोट जाईल एवढीच जागा.

त्यांनी कव्हर काढलं. मला गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून बसायला लावलं आणि बाहेरच्या पुलीचा मोठा बोल्ट सोडवायला लांब पाना लावला. पान्यावर दोन्ही हातांनी भार दिला की हात हलत नसे, हे मी पाहून ठेवलं. त्याआधी त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली होती. कंपनीनं कोरलेल्या खुणा या म्हाताऱ्या इंजिनावरून कधीच झिजून गेल्या होत्या. त्यामुळे आण्णांनी बोटावर चुना घेतला आणि वरच्या चाकावर एक ठिपका, त्याला लागून पट्ट्याच्या दातावर एक, तसेच खाली दोन असे ठिपके दिले. आयटीआयमध्येही ते असंच करायचे. सरकारकडून रंगाची डबी येईस्तोवर इंजिन थांबत नाही, म्हणायचे.

"हे चार ठिपके जोवर जोडीनं हाईत तोवर भ्यायचं काम न्हाई," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. ठिपके देताना एक जरा लांबला होता. आम्ही दोघांनीही तो पाहिला.

पुली निघाली, सेन्सरचे दोन बोल्ट दिसायला लागले. ऊन चढलं. आण्णा हातपाय धुवायला आणि चहा प्यायला आत गेले, मी त्यांच्या मागं गेले. आज बोलायचंच, असं मी ठरवलं होतं. चहाचा कप त्यांनी ओट्यावरून उचललाच नाही, वाकून तिथंच दोन घोट घेतले. मी माझा कप विसळून ठेवला, एवढंच केलं.

आम्ही बाहेर आलो तर आई गाडीपाशी उभी होती. खंडेनवमी होती. पान्यांना, हातोडीला हळदकुंकू लागलं होतं, बोनेटला झेंडूची माळ होती. ओल्या फडक्यानं तिनं जिथं हात पोचेल तिथलं सगळं पुसून काढलं होतं. नव्या लुगड्याचा पदर खोचून तिनं उघड्या इंजिनावर दोन फुलंही वाहिली होती.

आण्णा वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"इथला चुना कुठं गेला?"

"मग, तो तसाच ठेवायचा का? सणासुदीचं!" आई म्हणाली. "दाराच्या चौकटीला चुना, भिंतीला चुना, गादीला चुना. आता गाडीच्या आतबी बोटं पुसायला लागलात? जल्मभर मी तुमचा चुनाच पुसत आले."

यात खोटं काही नव्हतं. तंबाखू मळून उरलेला चुना आण्णा आयुष्यभर चौकटीला पुसत आले आणि आई आयुष्यभर तो फडक्यानं काढत आली. तिला तिथं आणखी एक चौकट दिसली. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले, सणाच्या दिवशी, अंगणात, गल्लीला ऐकू जाईल असं. ती फडकं हातात घेऊन गोंधळून उभी राहिली. आण्णांनी मला हातानं गप्प केलं.

"पट्टा हलला न्हाई अजून," ते म्हणाले. "हलला न्हाई तर पुन्हा खुणा कशाला पायजेत? चल."

ते खाली बसले. रॅचेटचा बारका पाना आत घातला. एक बोल्ट सुटला आणि त्यांनी तो ओठांत धरला. दुसरा अर्धा सुटला असेल, तेवढ्यात त्यांच्या हाताला झटका आला. कोपरापासून मनगटापर्यंत हात उडाला, रॅचेटचं डोकं पट्ट्याखाली अडकलं आणि पट्टा ओढला गेला. खट्ट असा आवाज झाला. तो आवाज पट्टा दातावरून सरकल्याचा होता, की रॅचेट लोखंडावर आपटल्याचा?

आण्णांनी रॅचेट अलगद काढून घेतला, ओठांतला बोल्ट खाली ठेवला आणि पट्ट्याकडे बघत राहिले. वरचं चाक चकचकीत पुसलेलं. खालचं चकचकीत पुसलेलं. सगळे दात सारखे.

"सरकला का?" मी विचारलं.

"कळंना."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी इंजिनाच्या बाबतीत कधी ऐकला नव्हता. मला एकदम त्यांना उठवून घरात न्यावंसं वाटलं, झोपवावंसं वाटलं. पण ते उठले नाहीत. नवा सेन्सर बसवायचा तो त्यांनी बसवलाच, दोन्ही कोपरं गुडघ्यांना टेकवून, एकेक आटा मोजल्यासारखा फिरवत. पुली परत चढवली. मग म्हणाले, आता एकच उपाय. इंजिन चावीनं सुरू करायचं नाही. मोठ्या बोल्टला पाना लावून हातानं पुरते दोन फेरे फिरवायचे. पाळी चुकली असेल तर कुठंतरी पिस्टन व्हॉल्व्हला टेकेल आणि ते हाताला कळेल. हातानं फिरवताना नुसतं टेकतं, मोडत नाही.

त्यांनी गाडी न्यूट्रलला घेतली आणि पाना लावला. थोडा फिरवला, थांबले. पुन्हा थोडा. कपाळावर घाम आला. डोळे मिटले, डोकं बोनेटच्या कडेला टेकवलं. पुन्हा जरासा फिरवला आणि हात काढून घेतला.

"माय, हिकडं ये. पाना धर."

"मी?"

"मला समजंना झालंय." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आत काही लागतंय, का माझाच हात थरथरतोय, मला समजंना. तू धर."

ज्या गोष्टीचा महिनाभर फोनवर उच्चार झाला नव्हता ती त्यांनी अशी, पान्यासकट, माझ्या हातात दिली. मी साडी खोचून खाली बसले. पाना त्यांच्या घामानं ओला होता.

"घड्याळाच्या काट्यासारखं फिरव. उलटं बोटभर बी न्हाई," ते सांगायला लागले, आणि त्यांचा आवाज वर्गातला झाला. "जाग्याजाग्यावर दाब लागंल. ती कोंडलेली हवा असते. धरून ठेवलं की सुटते. पर टक्क करून लोखंड लोखंडाला लागलं, तर तिथंच थांबायचं. जोर करायचा न्हाई."

मी फिरवायला लागले. भीती हातात उतरते हे मला तेव्हा कळलं. पहिला दाब आला, मी धरून ठेवलं, सुटला. दुसरा आला, सुटला. एक फेरा झाला. आई दारात उभी होती, फडकं अजून तिच्या मुठीत. दुसऱ्या फेऱ्यात एका जागी पाना एकदम थांबला.

"अडलं?" आण्णांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. "हो, अडलं" एवढं मी म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. पाना त्यांच्या हातात परत घेऊन त्यांना पडताळता येणार नव्हतं, म्हणूनच तर तो माझ्याकडे होता. टायमिंग गेलं आणि जुळवायला खुणाही नाहीत, म्हणून गाडी उभी राहिली असती, क्लास सुरू व्हायच्या आत पोरींची दुसरी सोय झाली असती, आणि तो हात, तो डॉक्टर, ते एसटीचे दिवे, यातलं काही कुणाला कधी बोलावं लागलं नसतं. मला त्या शब्दाची एवढी भूल पडली की तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी मला आपला हात म्हणून बसवलं होतं. आपल्याच हातानं माणसाला फसवायचं म्हणजे काय, या विचारानं मी आणखी घाबरले. मी पाना तसाच धरून ठेवला. जोर केला नाही. आणि हळूहळू, मला नको असताना, तो दाब सुटायला लागला.

"नाही आण्णा. हवा होती. सुटली."

उरलेला फेरा मोकळा गेला. खात्रीसाठी मी आणखी दोन फेरे फिरवले. कुठेही अडलं नाही. पट्टा सरकलाच नव्हता.

पुलीचा मोठा बोल्ट आणि कव्हरचे बोल्ट त्यांच्या सांगण्यावरून मीच आवळले. मग ते आत बसले आणि चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. त्यांनी ते चांगलं तापू दिलं. बंद पडलं नाही. आई हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि नारळ आणायला आत पळाली. आण्णांनी चावी काढली, मागं जाऊन पोरींच्या बाकावर बसले आणि मला समोरच्या बाकावर बस म्हणाले.

"तू अडलं म्हणशील असं वाटलं मला," ते म्हणाले.

"का म्हणेन?"

"म्हणायला पायजे होतंस."

मला संताप आला. "म्हणजे मी खोटं बोलायला हवं होतं? मग कशाला दिला माझ्या हातात?"

"गाडी मोडली असती तर बरं झालं असतं, माय. गाडी मोडली म्हणून बंद केली, असं सांगितलं असतं. लोक हळहळले असते, दोन दिवसांत इसरले असते. आता चांगली गाडी दारात हाय. आता मला माझंच सांगावं लागतंय."

मी डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. एकदाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू मी त्यांना आजचा वार सांगत होते.

"मला रोज भ्याव वाटतंय," ते म्हणाले. "रोज पहाटं. मागं पोरी झोपलेल्या असतात, बिनघोर, आन् मी पुढं भेत भेत गाडी हाकतो. त्यांची झोप बघितली की जास्तच भ्याव वाटतंय."

आईनं आणलेला नारळ मी फोडला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन करून गाडीवर बोलावून घेतलं. परवापासून तो चालवणार होता. संध्याकाळी सोनं द्यायला ते निघाले तेव्हा मलाही बरोबर घेतलं. पोरींच्या घरी जायचं होतं. पहिलंच घर गल्लीच्या तोंडाशी, मुलीचे वडील शाळेत शिक्षक. त्यांनी आपट्याची पानं घेतली, पाया पडले आणि विचारलं, "सर, गाडीचं झालं का?"

"झालं. फर्स्टक्लास झाली."

"बरं झालं. आमची पोरगी कालपासून घोकायलीय, सर येतेत का न्हाई, सर येतेत का न्हाई."

आण्णा उरलेली पानं पिशवीत सारखी करत राहिले. मला वाटलं आता सांगायचं राहतं. त्यांच्या वतीनं बोलायला मी एक वाक्य तयार ठेवलं होतं, आण्णांना विश्रांती हवी आहे, असं काहीतरी गुळमुळीत. पण त्यांनी डावा हात त्या माणसासमोर पुढं केला, तळवा वर करून, आणि तसाच धरला. सगळ्यांना दिसेल एवढा वेळ धरला.

"हे बगा. हे असं होतंय," ते म्हणाले. "गाडीत काही खोट न्हाई. मी चालवणार न्हाई. परवापासून माझा विद्यार्थी येईल, पोरीचा क्लास बुडणार न्हाई. आजवर झोपल्या पोरी घेऊन गेलो, ते माझं चुकलं."

मुलीचे वडील त्या हाताकडे बघत राहिले. मुलगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि तिचे डोळे भरले होते.

"आम्ही झोपत नव्हतो, सर," ती म्हणाली. "आम्हाला तुमच्या हाताचं पावसाळ्यापासून माहीत होतं. घरी कळलं असतं तर क्लास बंद झाला असता, म्हणून कुणी बोललं नाही. आम्ही नुसते डोळे मिटून बसायचो."

आण्णा तिथंच पायरीवर बसले.